ब्लेड दोनदा बदलले, तरी काचेवर फराटे का?

तुमची अडचण मला समजली ती अशी. सात वर्षांची हॅचबॅक, दर शनिवारी कराडहून निघून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जाणं. पावसात वायपर फिरला की नेमके डोळ्यांसमोर फराटे उठतात आणि रात्री समोरून दिवे आले की काच दुधासारखी पांढरी होते. ब्लेड दोनदा बदलून झाले. दोन्ही वेळा चार दिवस बरे गेले आणि मग ये रे माझ्या मागल्या. आता एक मेकॅनिक मोटर बदला म्हणतोय, दुसरा काच बदला म्हणतोय. कुणाचं ऐकावं?

तूर्त दोघांचंही ऐकू नका. माझा धंदाच गाड्यांच्या काचा बसवण्याचा आहे, बावीस वर्षं झाली. म्हणजे तुम्ही काच बदललीत तर कमाई माझ्यासारख्याची होते. तरी फराट्यांसाठी काच बदलायला आलेल्या बहुतेक गाड्या मी काच धुऊन परत पाठवतो. मोटरचं म्हणाल तर तिचं काम आर्म, म्हणजे ब्लेड धरणारा दांडा, फिरवण्याचं आहे, काचेवर दाबण्याचं नाही. वायपर हळू फिरत असेल, अर्ध्यात अडकत असेल तर मोटर आणि लिंकेज, म्हणजे मोटर आणि आर्मला जोडणाऱ्या दांड्या, बघायच्या. तुमचा वायपर व्यवस्थित फिरतोय, तेव्हा तो खर्च विसरा.

तुमच्या लिहिण्यात मला कामाची वाटली ती एक गोष्ट: ‘चार दिवस बरे गेले’. नवं रबर चार दिवसांत झिजत नाही. मग चार दिवसांत काय बदलतं? काचेवर जे काही बसलंय ते रबराच्या कडेला लागतं. रबर ते उचलतं आणि प्रत्येक फेरीला पुन्हा काचेवर सारवत बसतं. तुमचं दुखणं माझ्या मते रबरात नाही, काचेवर आहे. गाडी डोळ्यांनी न पाहता मी हे शंभर टक्के ठामपणे म्हणणार नाही, पण तपासाची सुरुवात तिथूनच करा.

1903 साली अमेरिकेत मेरी अँडरसन नावाच्या बाईंनी वायपरचं पेटंट घेतलं. आत बसून दांडा हलवायचा आणि बाहेर स्प्रिंगच्या आर्मवरचं रबर काच पुसायचं. दांड्याच्या जागी पुढे मोटर आली. बाकी संसार तोच आहे: रबर, त्याला दाबणारी स्प्रिंग आणि खाली काच. तिघांत रबर स्वस्त आणि बदलायला सोपं, म्हणून सगळा दोष त्याच्या माथी मारला जातो.

आधी फराटा नीट बघायला शिका, कारण प्रत्येक दोषाचा फराटा वेगळा असतो. एकच बारीक रेघ, दर फेरीला त्याच जागी उठत असेल तर रबराच्या कडेत खडा किंवा काडी अडकलीय, नाहीतर तिथं कड फाटलीय. दोन-चार बोटं रुंदीचा पट्टा न पुसता तसाच राहत असेल तर तिथं दाब पोचत नाही. जाताना स्वच्छ आणि येताना फराटे, असं असेल तर रबर एका बाजूला वळून कडक झालंय किंवा आर्म पिळलाय. आणि वायपर गेल्यावर मागोमाग धुरकट साय दिसते, दोन-तीन सेकंदांत विरते आणि पुढच्या फेरीला पुन्हा येते, तर तो तवंग. रात्री काच पांढरी होते असं तुम्ही लिहिलंय ते या शेवटच्या प्रकाराशी जुळतं.

ती साय म्हणजे काय? वायपर काच कोरडी करत नाही. अगदी पातळ पाण्याचा थर तो मागे सोडतोच. काच स्वच्छ असली की हा थर सपाट राहतो आणि डोळ्याला जाणवत नाही. काच तेलकट असली की तोच थर फुटून हजारो बारीक थेंब होतात. समोरच्या गाडीचा प्रकाश प्रत्येक थेंबातून इकडेतिकडे फेकला जातो. दिवसा तुम्ही त्याला फराटे म्हणता, रात्री तो पांढरा पडदा होतो.

जुने ट्रकवाले घाटात बटाटा कापून काचेवर घासायचे, कुणी तंबाखू चोळायचे. मी शिकाऊ असताना मलाही ते भाबडं वाटायचं. एकदा हेळवाकच्या पुढे मुसळधार पावसात वायपर बंद पडला तेव्हा मी स्वतः बटाटा घासला आणि बरंच दिसायला लागलं. बटाट्याने वायपर दुरुस्त होत नाही. त्याचा रस काचेवर बसला की पाणी थेंब न धरता पसरून खाली उतरतं, एवढंच. पाच-दहा मिनिटांत तो धुऊन जातो. पण काचेवर पाणी कसं बसतं यावर किती अवलंबून असतं, ते मला त्या दिवशी पटलं.

तुमच्या काचेवर तवंग येतो कुठून, याला एकच कारण नसतं. घाटात पुढच्या ट्रकच्या चाकांनी उडवलेलं पाणी म्हणजे रस्त्यावरचं तेल, डिझेलची काजळी आणि टायरचा घासलेला रबर यांची कढी. कराडच्या पट्ट्यात उसाच्या हंगामात साखर कारखान्यांच्या चिमणीची काळी राख पडते. मोहोराच्या दिवसांत आंब्याखाली गाडी लावली तर तुडतुड्यांचा चिकटा काचेवर बसतो आणि तो साध्या पाण्याने सुटत नाही. बोअरच्या पाण्याने गाडी धुतली आणि उन्हात वाळू दिली तर क्षारांचे पांढरे ठिपके पडतात, पाण्याच्या हीटरच्या कॉइलवर बसतो तोच थर.

पण मला सर्वांत जास्त सापडणारा गुन्हेगार म्हणजे धुणाऱ्याच्या हातातलं फडकं. ज्या फडक्याने बॉडीला पॉलिश मारलं, ज्याने डॅशबोर्ड चमकवला, तेच शेवटी काचेवर फिरतं. डॅशबोर्डच्या चकचकीत पॉलिशमध्ये सिलिकॉन असतं आणि ते काचेवरून निघता निघत नाही. दुसरं, काचेवर पूर्वी कधी पाणी न टिकणारं कोटिंग लावलं होतं का ते आठवा. नवं असताना ते छान काम करतं, पण वायपरच्या वाटेत ते एकसारखं झिजत नाही आणि अर्धवट उरलं की नेमके तुमच्यासारखे फराटे आणि वायपरची टरटर सुरू होते. मग एक तर पूर्ण काढून टाका, नाहीतर सगळं काढून नव्याने लावा. वरच्यावर थर चढवू नका.

परीक्षा सोपी आहे. सकाळी, काच गार असताना, सावलीत एक बादली पाणी वरून सावकाश सोडा. स्वच्छ काचेवर पाणी अखंड पडद्यासारखं उतरतं. जिथं तो पडदा फाटतो आणि थेंब गोळा होतात तिथं तवंग आहे. (कोटिंग असलेल्या काचेला ही परीक्षा लागू नाही, तिथं थेंब व्हायलाच हवेत.) मग हाताला पातळ प्लास्टिकची पिशवी घालून ओल्या काचेवरून बोटं फिरवा. उघड्या बोटांना न कळणारी कच पिशवीतून लगेच जाणवते.

आता सफाई. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका. काचेचा आधीच टवका उडालेला असेल तर तिथून तडा सरकतो. आधी भरपूर पाण्याने धूळ वाहून जाऊ द्या, मग कार शाम्पूने धुवा. भांड्यांचं लिक्विड एकदा वापरलं तर काच काही तक्रार करणार नाही, फक्त ते धुऊन टाकायला दुप्पट पाणी लागतं आणि ते बॉडीवर गेलं तर वॅक्सही घेऊन जातं. क्षारांचे ठिपके असतील तर पांढरा व्हिनेगर आणि तेवढंच पाणी एकत्र करून त्यात फडकं भिजवा, पाच मिनिटं काचेवर चिकटवून ठेवा आणि धुऊन टाका. रंगावर ओघळू देऊ नका.

मग खरं काम. मायक्रोफायबरच्या स्वच्छ फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या आणि काचेचे चार भाग करून एकेक भाग पुसा. हे मेडिकलमध्ये किंवा मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतं. ते पेट घेतं, तेव्हा जवळ विडी-काडी नको. फडक्याची घडी सारखी बदलत राहा. तेच तोंड फिरवत राहिलात तर इकडचा तवंग तिकडे नेऊन ठेवाल. पहिल्यांदा फडकं काळं निघेल, दुसऱ्यांदा राखाडी. स्वच्छ निघेपर्यंत थांबू नका. वायपर जिथं विसावतो ती खालची पट्टी सगळे विसरतात. सगळी घाण तिथंच साठलेली असते आणि वायपर सुरू होताच पहिल्या फेरीत ती वर चढते.

पिशवीतून अजून कच लागत असेल तर गाड्या चमकवणाऱ्या डिटेलिंगवाल्यांकडचा क्ले बार, म्हणजे रुतलेली कच उचलणारा मऊ मातीसारखा गोळा, शाम्पूच्या पाण्यात ओला करून हलक्या हाताने फिरवा. त्यानेही थेंब धरायचे थांबले नाहीत तर काचेसाठी मिळणारं सिरियम ऑक्साइडचं पॉलिश हाताने घासा. मशीन लावू नका. डोळ्यांसमोरची काच एका जागी जास्त घासली गेली तर तिथून रस्ता लहरी दिसायला लागतो आणि मग खरंच काच बदलावी लागते. तारेची घासणी, राख, टूथपेस्ट हे सगळं स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरातच राहू द्या. शेवटी पुन्हा बादली ओता. पडदा अखंड उतरला की काच झाली.

काच झाल्याशिवाय रबराला हात लावू नका, नाहीतर तिसरी जोडीही चार दिवसांत तशीच होईल. रबराची कड पातळ जिभेसारखी असते आणि वायपर दिशा बदलतो तेव्हा ती पलटी खाते. फरशी पुसायच्या वायपरचं रबर जसं मागे ओढलं जातं तसंच. ही जीभ कडक झाली की पलटत नाही, उड्या मारते. शाम्पूच्या पाण्यात फडकं भिजवून दोन बोटांच्या चिमटीत कड धरा आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढा, असं तीन-चार वेळा. थोडं काळं लागत राहीलच. पुष्कळ रबरांवर ग्राफाइटचा हात दिलेला असतो आणि तो घासून काढायचा नसतो. रॉकेल, डिझेल, खोबरेल तेल यातलं काहीही लावू नका, तेलाने रबर फुगतं. पॉलिश पेपर मारून कड नवी करणारेही आहेत. आठवडाभर बरं वाटतं, मग कड पूर्वीपेक्षा वाईट होते.

तुमचे ब्लेड फ्रेमचे (सांगाड्यात रबर धरलेले) आहेत की फ्लॅट (सांगाडा नसलेले, एकसंध), ते तुम्ही लिहिलं नाहीत. फ्लॅट ब्लेडचा बाक तुमच्या काचेच्या गोलाईशी जुळावा लागतो. ‘सगळ्या गाड्यांना चालतो’ असं लिहिलेला स्वस्तातला ब्लेड पुष्कळदा टोकाला उचललेला राहतो. फ्रेमच्या ब्लेडला नुसतं रबर बदलून चालतं, पण आतल्या दोन पोलादी पत्त्या उलट्या घातल्या तर तोच ब्लेड फराटे पाडतो. आणि हसू नका, पण नव्या ब्लेडच्या कडेवरची प्लास्टिकची संरक्षक पट्टी तशीच ठेवून आलेल्या गाड्या मी दर जूनमध्ये बघतो.

आता स्प्रिंग आणि आर्म. हे अंगण फार कुणी झाडत नाही. काच ओली करून वायपर लावा आणि तो मध्यावर असताना चावी बंद करा. काही गाड्यांत वायपर तरी परत जागेवर जातो. तशा गाडीत सर्व्हिसची पोझिशन कशी लावायची ते पुस्तिकेत असतं. आत बसा, दुसऱ्या कुणाला तरी बाहेरून मोबाइलचा टॉर्च रबराच्या रेषेत धरायला सांगा. जिथून उजेड आरपार येईल तिथं रबर टेकलेलं नाही. कागदाची पट्टी खाली सरकवून ओढून बघितली तरी कळतं. सगळीकडे सारखी ओढ लागली पाहिजे.

दाब मोजायला मी बॅगा तोलायचा छोटा हुकाचा काटा वापरतो. ब्लेड आर्मला जोडला जातो तिथं हुक अडकवून सरळ वर ओढायचं आणि रबर काचेवरून सुटतं त्या क्षणी आकडा बघायचा. ब्लेडच्या प्रत्येक इंचामागे साधारण 25 ते 40 ग्रॅम, म्हणजे वीस इंची ब्लेडला 500 ते 800 ग्रॅम. हा माझा कामचलाऊ हिशेब आहे, कंपनीचा आकडा मिळाला तर तो धरा. फार कमी भरला तर आधी आर्मचा सांधा बघा. तिथं माती आणि गंज बसला की स्प्रिंग चांगली असूनही आर्म खाली दाबला जात नाही. काच फडक्याने झाकून सांध्यात तेलाचा एक थेंब टाका आणि आर्म दहा वेळा वर-खाली करा. फरक पडला नाही तर आर्म बदला. स्प्रिंग ताणायच्या भानगडीत पडू नका.

एकाच दिशेचे फराटे राहिले असतील तर रबर काचेला काटकोनात उभं राहतंय का ते बघायचं. तिरकं असेल तर आर्म दोन पान्यांनी अगदी किंचित पिळावा लागतो. हे पहिल्यांदाच करणार असाल तर हातखंड्या माणसाकडून करून घ्या. आणि एक कळकळीची सूचना: ब्लेड काढल्यावर उघडा आर्म कधीही उभा सोडू नका. माझ्या हातून एकदा तो सुटला, थाडकन काचेवर आपटला आणि गिऱ्हाइकाची चांगली काच माझ्या खिशातून गेली. तेव्हापासून काचेवर जाड टॉवेल टाकल्याशिवाय मी ब्लेडला हात लावत नाही.

फराटे फक्त ऐंशीच्या वर वेग गेल्यावर उठत असतील तर वारा ब्लेड उचलतोय. घाटात हा प्रश्न येत नाही, म्हणून त्यात शिरत नाही.

पाण्याच्या टाकीचं मात्र बोलायलाच हवं. टाकीत केसांच्या शाम्पूची पुडी ओतायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. केस मऊ करणाऱ्या शाम्पूंत बहुधा सिलिकॉन असतं, म्हणजे काचेवरून जे काढायला तुम्ही सकाळभर राबलात तेच प्रत्येक फवाऱ्याबरोबर परत येतं. टाकी रिकामी करून धुवा. काच धुण्याचं लिक्विड बाटलीवरच्या प्रमाणात टाका आणि पाणी आरओचं घ्या. मात्र आरओच्या दुसऱ्या नळीतून जे फेकलं जातं ते नको, त्यात क्षार उलट जास्त असतात. फवारा तिरका जात असेल तर टाचणीने भोक साफ करून नेम काचेच्या मध्याच्या थोडा वर धरा.

रात्रीचा पांढरा पडदा इतकं सगळं करूनही पूर्ण गेला नाही तर काचेची आतली बाजू बघा. उन्हात तापलेल्या डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधून वाफ निघते आणि तिचा चिकट थर आतून बसतो. बोटाने रेघ ओढा, उमटली तर तो आहेच. आतून पुसताना फडकं आडवं चालवा आणि बाहेरून उभं. मग उरलेली रेघ कुठल्या बाजूची ते लगेच कळतं.

घाटातल्या धुक्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांचे उपाय उलटे आहेत. वर गारठ्यात काच आतून धुरकटते, कारण तुमच्या श्वासाची आणि ओल्या कपड्यांची वाफ गार काचेवर जमते. तेव्हा एसी चालू, हवा काचेकडे, तापमान थोडं वाढवलेलं आणि बाहेरची हवा आत येऊ द्यायची. घाट उतरून चिपळूणच्या दमट हवेत आलात की नेमकं उलटं होतं. एसीने काच गार पडलेली असते आणि बाहेरून दहिवर धरतं. वायपर एकदा फिरवला की जातं, क्षणात परत येतं आणि माणसाला वाटतं ब्लेड वाया गेले. अशा वेळी एसीचा गारवा कमी करा आणि झोत काचेवरून काढा. तुमचे ‘फराटे’ शेवटच्या अर्ध्या तासात वाढतात का, याकडे पुढच्या शनिवारी लक्ष द्या.

रोजच्या वापरात मी एकच गोष्ट कडकपणे पाळतो: कोरड्या धुळीवर वायपर फिरवायचा नाही, कारखान्याच्या राखेवर तर नाहीच. आधी पाणी. रबर दरवर्षी मृगाच्या तोंडावर बदलायचं, दिवाळीत नाही. दिवाळीत बदललेलं रबर एप्रिल-मेच्या उन्हात कडक होतं आणि पहिल्याच वळवाला दगा देतं. उन्हात वायपर उभे करून ठेवण्याचा माझ्या अनुभवात फारसा उपयोग नाही. ऊन तरीही लागतं आणि स्प्रिंग तासन्‌तास ताणलेली राहते.

काच खरोखर कधी बदलायची? फराट्याच्या जागी नख फिरवून बघा. नख अडकलं तर तो ओरखडा आहे आणि तो पॉलिशने सुरक्षितपणे निघत नाही. दुसरी परीक्षा, संध्याकाळी सूर्य समोर असताना धुतलेल्या काचेतून बघा. सगळी काच वाळू पेरल्यासारखी चमचमत असेल तर सात वर्षांच्या धुळीने आणि खडीने तिला बारीक खळगे पाडलेत. त्यावर इलाज नाही, काच बदला. तुमच्या गाडीत काचेमागे पावसाचा सेन्सर किंवा कॅमेरा असेल तर तो पुन्हा जुळवून देणार का, ते भाव ठरवताना विचारा. चिकटवण पक्कं व्हायला किती तास लागतील ते बसवणारा सांगेल, तेवढे तास गाडी हलवू नका. नव्या काचेवर आमच्या हातांचे आणि रसायनांचे डाग असतात, तेव्हा ती घरी नेऊन एकदा अल्कोहोलने पुसा. आणि जुने ब्लेड त्या काचेवर चढवू देऊ नका. त्यांच्या कडेत रुतलेली कच पहिल्याच पावसात नव्या काचेवर रेघ ओढते.